जाळायला दिलेली पेटी

आमच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. वालूरहून पायी निघालं तर तोंडातला तंबाखू थुंकायच्या आत आमची वेस दिसते, एवढं पुरे. नाव लिहायची मला भीती नाही. पण भगवानरावांचे जावई वाचणारे आहेत, आणि सासऱ्याबद्दल जे त्यांना अजून ठाऊक नाही ते माझ्याकडून कळावं, हे बरं दिसत नाही. बाकीचं सगळं सांगतो. सांगितल्याशिवाय मला अन्न पचत नाही, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत आहे.

मालनबाई माझी शेजारीण. दोन घरांत एकच भिंत, आणि तीही अशी की तिकडं फोडणी पडली की इकडं मी शिंकतो. बाई दिसायला तुराटीसारखी काटकुळी, चालायला भरभर, आणि बोलायला अशी की समोरच्यानं आपली टोपी आधी सांभाळावी. तिच्या हातची भाकरी इतकी पातळ की पलीकडचं दिसावं. मी तसं म्हटलं की ती म्हणायची, "तात्याभावजी, तुमाला सदा पलीकडचंच बघायची खोड." नवरा आश्रुबा दिवाळी झाली की ऊसतोडीला नगरकडं निघून जायचा तो शिमगा झाल्यावर परत यायचा. घरात राहायच्या ती, तिच्या दोन पोरी आणि सासू सरजाबाई. सरजाबाईला दिसायचं कमी, ऐकू यायचं त्याहून कमी, आणि मत मात्र प्रत्येक गोष्टीवर.

या बाईला रोज पहाटे भगवानराव पाटलांचा गोठा काढावा लागायचा. का, ते सांगतो, कारण इथंच माझं डोकं तापायला लागतं.

छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. मेलेलं जनावर ओढणं सोडलं, गावकीची कामं सोडली, देव्हारे उचलले. गाव काही दिवस गुरगुरलं, मग गप बसलं. पण माणसाला सगळं सोडता आलं तरी चूल सोडता येत नाही. चुलीला जळतण लागतं, आणि जळतण उगवतं दुसऱ्याच्या शेतात. कापूस वेचून झाला की मागं उरतात त्या पळाट्या. भगवानरावांच्या अंगणात त्या पळाट्यांची गंजी घराच्या भिंतीएवढी उंच. एरवी ती झाडं उपटून बांधावर फेकायची, नाहीतर शेतातच पेटवून द्यायची वस्तू. ती आमच्या बायांना मिळायची, पण कशी? पहाटे जायचं, शेण-मूत काढायचं, उरलेला कडबा झाडायचा, शेण्या थापायच्या. त्या शेण्या जळणार कुणाच्या चुलीत? पार्वतीबाईंच्या, म्हणजे पाटलिणीच्या. आणि आमच्या बाया परत येणार पळाट्यांचा एक भारा डोक्यावर घेऊन. पळाटी म्हणजे काय, तुम्ही फुंकर मारून डोळे पुसेपर्यंत तिची राख झालेली असते. दुसऱ्या पहाटे पुन्हा गोठा.

कुणी विचारलंच तर भगवानराव खुर्चीत मागं रेलून म्हणायचे, "जबरदस्ती हाय का? ज्याला जळतण पायजे तो येतो." ऐका! जणू काही आमच्या बाया शौकानं शेणात हात घालायला जायच्या.

तर सत्याहत्तर साल सरत आलं होतं. थंडी पडली होती. एक दिवस धुरळा उडवत जीप आली आणि चावडीपुढं थांबली. कुठल्याशा संस्थेची माणसं होती. त्यांनी एक लाकडी पेटी खाली उतरवली. जुन्या ट्रंकेएवढी, झाकणाला आतून आरसा. जाहीर झालं की या पेटीत उन्हावर डाळ-भात शिजतो. सगळं गाव गोळा झालं. मोठी माणसं चावडीच्या सावलीत बसली, पेटी ठेवली उन्हात. आमची बसायची जागाही पहिल्यापासून उन्हातच; त्यामुळं पेटी आम्हाला जवळून दिसली. शिवाशिवीचा तेवढा एक फायदा मी आयुष्यात पाहिला.

चष्मेवाला एक साहेब समजावून सांगत होता. भाषा पुस्तकी होती, पण माणूस मनापासून बोलत होता. त्याचं म्हणणं मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. जिंतूरच्या स्टँडवर दुपारी एस.टी. उभी असते. काचा बंद, आत कुणी नाही. तुम्ही दार उघडून आत पाय टाकता आणि भट्टीत शिरल्यासारखे बाहेर येता. बाहेर तर थंडी आहे, मग आत एवढी धग कुठून आली? ऊन काचेतून आत शिरतं, आतल्या बाकांना, पत्र्याला तापवतं. पण ती धग काचेतून तशी परत बाहेर निघत नाही. अडकते. पेटीचं गणित तेच. वर काच, तीही दुहेरी. आत पत्रा, त्याला काळा रंग. कारण काळ्या रंगाला ऊन पिण्याची भूक जास्त. उन्हाळ्यात म्हैस डबक्यात बसते आणि पांढरी गाय उभी राहते, ते कशामुळं? पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये भुसा भरलेला, म्हणजे धग बाजूंनी पळून जाऊ नये. आणि झाकणाचा आरसा अंगावर पडणाऱ्या उन्हात आणखी ऊन टाकतो, न्हाव्याच्या आरशाचा कवडसा डोळ्यावर येतो तसा. जाळ नाही, धूर नाही, राख नाही. शिजायला वेळ लागतो, भाकरी भाजता येत नाही, आभाळ आलं की पेटी बसली रुसून. हेही साहेबानं लपवलं नाही.

आणि त्यानं एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. तेव्हा पेटीचं तोंड दक्षिणेला ठेवा, म्हणजे ऊन सरळ आरशावर पडेल. सगळ्या गावानं ऐकलं. मीही ऐकलं.

भाषणं संपेपर्यंत भात शिजला. गावकऱ्यांना ताटलीत मिळाला, आम्हाला पळसाच्या पानावर, तोही वरून सोडून. भाताला बिचाऱ्याला काय, तो सगळ्यांना सारखाच लागला.

आता ऐका. गावाला पेटी एकच. ती कुणाला द्यावी? ज्या घरात जळतणावाचून चूल पेटत नाही त्या घराला, असं तुम्हाला वाटलं असेल. तुम्ही माझ्यासारखेच भोळे. पेटी गेली भगवानरावांच्या घरी! कारण ते गावचे पुढारी, आणि पेटी मिळाल्याची सही करायला पुढं आलेले तेच. ज्याच्या अंगणात जळतणाची गंजी, त्याला जळतण वाचवायची पेटी. पेटी बघायला पुन्हा येतो म्हणून साहेबानं हात जोडले, जीप गेली, धुरळा आमच्या अंगावर बसला.

पेटी माळवदावर चढली. पार्वतीबाई पहिल्यांदा वर गेल्या आणि किंचाळल्याच. नागनाथ त्यांच्याकडचा सालगडी. तो शेजारी उभा होता, त्यानंच मला हे सांगितलं.

"अरं नागनाथ, हिचं तोंड कुटं केलंस मेल्या?"

"दक्षिणेला, बाईसाहेब. सायबानं सांगितलंय."

"सायबाला काय, तो जीपमधी बसून गेला! यमाच्या दारात चूल मांडायची का मी? घरात कुणी मेलंय का? फिरव, फिरव आधी!"

नागनाथनं फिरवली. तोंड उत्तरेला. म्हणजे सूर्य आला पाठीमागं, आणि आरशाचं ते झाकण मधे उभं राहिलं. पेटी आपल्याच झाकणाच्या सावलीत गारेगार बसली. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पेटीबरोबर काळे डबे आले होते. पाटलिणीच्या घरात काळं भांडं? आल्यागेल्यानं बघितलं तर? सुनेनं ते डबे राखेनं, विटकरीच्या भुकटीनं असे घासले की रंग निघून चांदीसारखे चमकले. त्या चमकत्या डब्यात डाळ घालून डबे सावलीतल्या पेटीत ठेवले. दिवस मावळला तेव्हा डाळ चांगली भिजली होती. भिजण्याचं श्रेय तिला द्यायला हवं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मग भगवानरावांनी चावडीवर निकाल दिला, "सगळी फसवेगिरी हाय. त्या दिवशी सायबानं भात घरून शिजवून आणला असंल." आणि सगळ्यांनी माना हलवल्या! ज्यांनी स्वतः बोटं चाटली होती त्यांनीसुद्धा. एकानंही म्हटलं नाही की मालक, तुम्ही तोंड फिरवलंत.

डबे पार्वतीबाईंनी लोणच्याला ठेवून घेतले. पेटी खाली आली, गोठ्याच्या कोपऱ्यात पडली, तिच्यावर कोंबडी बसायला लागली.

एका सकाळी मालनबाई गोठा काढून भारा न्यायला गेली. भगवानराव दात घासत उभे होते.

"आज पळाट्या न्हाईत. गाडी यायची हाय शेतातून."

"मालक, घरी चूल पेटायची हाय. म्हातारी हाय, लेकरं हायेत."

"मग ते खोकं ने की. लाकडाचंच हाय. दोन-चार दिस जळंल. जा, जाळून टाक."

असं त्या घरातून आमच्या शेजारी पेटी आली. आख्ख्या सकाळच्या शेणाच्या मोबदल्यात, जळतण म्हणून.

ती पेटी डोक्यावरून उतरवून अंगणात टेकवलेली मी पाहिली. चार खेपा पाणी भरून झाल्यावर मालननं भिंतीवरून हाक मारली, "भावजी, कुऱ्हाड द्या बरं जरा."

मी कुऱ्हाड घेऊन गेलो. पण डोळा माझा काचेवर. माझ्या सायकलीच्या दुकानाला खिडकी होती, खिडकीला काच नव्हती. म्हटलं, "थांब बाई, लाकूड तुझं, काच माझी. आधी काच काढू." झाकण उघडं पडलं होतं, ऊन चढलेलं. काचेची चौकट उचलली आणि आधारासाठी दुसरा हात आत टेकवला. जो बोंबललो!

"काय झालं? इंचू हाय का?"

"इंचू कसला! तवा हाय आत, तवा!"

तिनं पदराचं टोक हाताला गुंडाळून आत घातलं. पत्र्याला टेकवलं. मग पदर काढून नुसती बोटं वरच्यावर धरली. आणि हसायला लागली. ही बाई हसते तेव्हा मला नेहमी काळजी वाटते, कारण पुढं कुणाचं तरी काहीतरी होणार असतं.

"भावजी, तुमची कुऱ्हाड घिऊन जा."

"आन काच?"

"काच मागायलेत! बोटं सलामत ऱ्हायली तेवढं बघा."

पेटी योगायोगानं दक्षिणेकडं तोंड करूनच टेकली होती. सरजाबाईच्या कानावर ते कुणीतरी घातलं. म्हातारी चाचपडत बाहेर आली. देव्हारा उचलून वीस-एकवीस वर्षं झाली होती, पण दक्षिण तिच्या मनातून कुणी उचलली नव्हती.

"मालन, दक्षिणेला चूल मांडू नगं गं. अपशकुन हाय."

मालननं तिच्या कानाला तोंड लावलं आणि अशी ओरडली की पलीकडच्या आळीलाही कळावं, "आत्याबाई, आपली वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला हाय?"

म्हातारीनं हातानंच दाखवलं. दक्षिणेला.

"आपल्याला कुणी बसवलं हितं?"

"गावानं."

"मग आपुन यमाच्या दारात पिढ्यानपिढ्या ऱ्हायलोत, त्याला कुणाला अपशकुन झाला न्हाई. आता डाळ दोन घटका बसली तर होतो का?"

म्हातारीनं चाचपडून पेटीच्या लाकडावर बोट वाजवलं. मग म्हणाली, "मीठ बेतानं घाल." हा आमच्याकडं होकार समजतात.

काळे डबे तर पार्वतीबाईंच्या लोणच्यात अडकले होते. पण मालनच्या घरातलं प्रत्येक पातेलं जन्मभर धुरात बसून असं काळं झालेलं होतं की त्याला आणखी रंग लावायची गरज नव्हती. तुरीची डाळ, पाणी, हळद, वर झाकण. दुसऱ्या पातेल्यात ज्वारीच्या कण्या. आमच्या विहिरीचं पाणी जड. चुलीवर डाळ शिजवायची तर अर्धा भारा जायचा. आता ऊन वर आल्यावर पेटीत ठेवायची, सूर्य सरकला की पोरींनी पेटी जराशी त्याच्याकडं वळवायची, आणि रानातून परत येईपर्यंत डाळ बोटानं चिरडावी अशी. घरात धूर नाही. म्हातारीचे डोळे चोळणं कमी झालं. भाकरीपुरत्या काटक्या नाल्याकाठच्या बाभळीखाली मिळायच्या, आणि नाला अजून तरी कुणाच्या नावावर नव्हता.

मी रोज भिंतीवरून छळायचो. "मालन, आज सूर्यनारायणाला काय करायला लावलंस?" ती म्हणायची, "कण्या. तुमाला पायजे तर ताट धुऊन या, नुसतं नाक घिऊन येऊ नका."

आणि एक दिवस ती गोठ्यावर गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली नाही. काही बोलली नाही, भांडली नाही. नुसती गेली नाही. पहाटे तिच्या घरातून घोरण्याचा आवाज आला. आम्ही शेजारी इतकी वर्षं राहतो, पण पहाटेचा तिच्या घोरण्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. म्हातारीचा असेल म्हणून मी भिंतीला कान लावला. म्हातारीचा निराळा. हा तिचाच.

त्या बाईच्या त्या झोपेची पाटलाला एवढी चीड का यावी, मला सांगा. त्यांच्याकडं गोठा काढायला आणखी बाया होत्या. आमच्याच रांगेतली चांगुणाबाई होती, तिच्यामागं इतरही होत्या. शेण काही साचून राहिलं नव्हतं. पण पाटलाच्या घरी माणूस जाणं आणि पाटलाच्या घरी गेल्यावाचून माणसाचं भागणं, यातली दुसरी गोष्ट त्यांना सोसवेना. नागनाथ आला.

"मालनबाई, मालक विचारायलेत, कामाला कामून येइना?"

"पळाट्या नकोत मला."

"मग चुलीत काय घालतीस?"

तिनं बोट वर केलं. नागनाथनं आधी आभाळाकडं पाहिलं, मग पेटीकडं. त्यानं झाकण उचलून वास घेतला. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं. त्यानं मालकाला जाऊन सगळं सांगितलं, डाळीला लसणाची फोडणी होती इथपर्यंत.

संध्याकाळी निरोप आला. पेटी गावाची मालमत्ता आहे. उद्या चावडीवर आणून टाकावी.

त्या रात्री मी वस्तीतल्या चार माणसांना उठवलं, म्हटलं चला, भांडू. ते म्हणाले, पाटलाशी भांडून पुढच्या हंगामात कापूस वेचायला कुणाच्या रानात जायचं? खरंच होतं त्यांचं. म्हणूनच जास्त राग आला.

सकाळी नागनाथ पेटी उचलायला आला. मालननं त्याला हात लावू दिला नाही. "माझ्याच डोक्यावर आली, माझ्याच डोक्यावर जाईल." पुढं ती, मागं मी, आणि माझ्या खांद्याला धरून सरजाबाई, कारण जिथं बोलाचाली होणार तिथं म्हातारीला जायचंच असतं. आम्हाला बघून बाकीची वस्तीही निघाली. भांडायला नको म्हणणारे बघायला मात्र तयार असतात.

चावडीपुढच्या मोकळ्या जागेत, उन्हात तिनं पेटी ठेवली. भगवानराव ओट्यावर बसलेले.

"शहाणी हायेस. ठीव तिथंच. नागनाथ, माळवदावर चढव रं."

मालन म्हणाली, "मालक, एक विचारू का? ही पेटी मी चोरून नेली का?"

"तसं कोण म्हणायलंय?"

"मग कशी नेली?"

भगवानरावांनी मिशीवरून हात फिरवला. सगळं गाव बघत होतं. "मीच दिली व्हती. जाळायला."

"मी जाळली न्हाई."

"न्हाई जाळलीस ना? मग परत दे! जाळायला दिली व्हती मी, शिजवायला न्हाई दिली!"

हे वाक्य मी माझ्या मनानं रचलेलं नाही. एवढं भारी वाक्य मला रचताही येणार नाही. चावडीवर चार शिकलेली माणसं बसली होती. एकाच्याही तोंडाला हसू आलं नाही की लाज आली नाही. बाईनं वस्तू राख करून टाकली असती तर गुन्हा नव्हता. तिनं तिच्यात डाळ शिजवली, हा गुन्हा! मी तोंड उघडणार तेवढ्यात मालन माझ्याकडं वळली.

"तात्याभावजी, काडेपेटी हाय का?"

बिडी ओढणाऱ्याला काय विचारायचं. मी दिली. तिनं पेटीचं झाकण मोडल्यासारखं मागं ढकललं, कमरेची चिंधी काढून लाकडाच्या फटीत खुपसली, खाली वाकली आणि काडी ओढली.

भगवानराव ताडकन उठले. "ए! ए! काय करायलीस?"

"जाळायलेय मालक. तुमचाच हुकूम हाय. मधी माझ्याकडून चुकलं, दोन-चार दिस डाळ शिजली. आता पुरं करते."

"अगं, येडी झालीस का? थांब!"

काडी तिच्या बोटांपर्यंत आली. तिनं टाकली, दुसरी ओढली. इथं मला तोंड घालावंसंच वाटलं. मी मोठ्यानं नागनाथला म्हटलं, "का रं, जीपवाले साहेब पेटी बघायला परत येणार हायेत म्हणत व्हते ना? सही कुणाची हाय रं त्यांच्याकडं?"

सही कुणाची होती ते चावडीतल्या खांबांनाही माहीत होतं. भगवानरावांचा चेहरा असा झाला की मला वाटलं यांना आता पेटीतच बसवावं, न तापवता शिजतील.

"जाळू नको म्हणलं ना!"

"मग काय करू मालक?" मालन काडी धरून तशीच वाकलेली. "जाळायला दिली म्हणता, जाळू देत न्हाईत. शिजवली तर शिजवायची न्हाई म्हणता. एक काय ते सांगा. लवकर सांगा, बोट भाजायलंय."

"शिजव!" ते पुटपुटले. "शिजव बाई. ने घरी."

"आमच्या आत्याबाईला ऐकू येत न्हाई, मालक. तिला वाटंल मीच लबाडी करून परत आणली."

मी सरजाबाईला पुढं केलं. म्हातारीनं कानाला हात लावला. आणि आमच्या गावचा पुढारी ओरडला, पार वेशीपर्यंत ऐकू जावं असा, "शिजव म्हणलं! पेटी तुझी हाय, तू शिजव!"

"असं," म्हातारी म्हणाली, "एवढं ओरडायला काय झालं मेल्याला? मी काय भैरी हाय?"

मालननं काडी विझवली, माझी काडेपेटी परत दिली. पेटी पुन्हा डोक्यावर घेतली. ऊन चाललं होतं, घरी डाळ निवडून ठेवलेली होती.

एवढ्यावर संपलं असतं तर मी आनंदानं हे लिहिलं असतं. पण राग येण्यासारखं अजून आहे. जीप आली संक्रांतीनंतर. भगवानराव स्वतः त्या साहेबांना घेऊन आमच्या वस्तीत आले, आयुष्यात पहिल्यांदा आमच्या रांगेत आले, आणि मालनच्या अंगणाबाहेर उभे राहून म्हणाले, "आमच्या घरी काय, जळतण भरपूर हाय. म्हणलं गरिबाच्या कामाला यावी. मीच उचलून दिली." साहेबानं त्यांचा हात हातात घेतला! दाबला! काढला आमच्यासमोर त्यांचा फोटो, पेटीच्या बाजूला उभं करून, अंतर ठेवून. मालन आत भाकरी थापत होती. तिला कुणी बाहेर बोलावलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर आतून तिचाच आवाज आला, "भावजी, असू द्या. फोटोत डाळ शिजत न्हाई." साहेबानं डाळ मात्र चाखली. भगवानरावांना विचारलं तर म्हणाले, उपास आहे. उपास करणाऱ्याच्या मिशीला सकाळच्या दुधाची साय होती, ती मला दिसत होती.

आणि खरं सांगायचं तर एका पेटीनं एक घर सुटतं, वस्ती सुटत नाही. बाकीच्या बाया पहाटे गोठ्यावर जातच होत्या. हे मालनच्या डोक्यात घोळत असावं. एकदा चांगुणाबाई भारा डोक्यावर घेऊन तिच्या दारावरून चालली होती, तिला हिनं थांबवलं.

"चांगुणा, उद्याच्याला तुझी डाळ माझ्या पेटीत ठीव. मी उद्या काटक्यांवर पिठलं टाकते. तू झोप."

"आन गोठा?"

"गोठ्याला सांग, आभाळ पडलं."

तिथून चालू झालं. एक दिवस चांगुणाची डाळ, एक दिवस पलीकडच्या घरची, एक दिवस मालनची. ज्या घराची पाळी त्या घरची बाई त्या पहाटे गोठ्यावर जाणार नाही. आभाळ भरून आलं त्या दिवशी तेवढी पाळी रद्द, सगळ्या बाया गोठ्यावर. पाळी कुणाची, ते आदल्या संध्याकाळी मालनच्या अंगणात ठरायचं. बाया हसत हसत ठरवायच्या, आणि मी भिंतीवरून ऐकायचो. पहाटे भगवानराव गोठ्याच्या दारात उभे राहून माणसं मोजायचे, आणि रोज एक कमी. काल चांगुणा नव्हती, आज दुसरीच नाही. आल्या त्या खाली मान घालून झाडायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, "आमाला काय म्हाईत मालक?" रागवायचं कुणावर? कामावरून काढायचं कुणाला? उद्या तीच बाई हजर आणि तिसरीच गैरहजर. एक दिवस तर शेण्या थापायला पार्वतीबाईंच्या सुनेला बसावं लागलं.

त्या वर्षी भगवानरावांच्या रानात हरभरा चांगला आला होता, घाटे भरत होते. अशा दिवसांत आभाळ आलं की अळी पडते, म्हणून सगळं गाव मनातल्या मनात आभाळाला दूर राहा म्हणत होतं. नागनाथ मला सांगायचा, मालक रोज उठले की तोंड धुवायच्या आधी अंगणात येतात, हात कपाळावर धरून दक्षिणेकडं बघतात. एखादा ढग दिसला की त्यांचा चेहरा खुलतो. स्वतःचा हरभरा उभा असताना ढग मागणारा शेतकरी मी दुसरा पाहिला नाही.